जागेवरून ओळखता येतात

९ फेब्रुवारी

आणि वर बाबा मलाच ऐकवतात, तू कुठे इथे आहेस. अहो, मी काय हौसेनं आलोय का एवढ्या लांब?

हे भांडण आता तिसऱ्या आठवड्यात गेलं. विषय तोच. दर वर्षी बाबांना पेन्शन ऑफिसला सांगावं लागतं की मी अजून जिवंत आहे. यंदापासून ते खिडकीवर जाऊन सांगायचं नाही, फोनवरून साइटवर सांगायचं. मी म्हटलं, ताई घरातच आहे, ती दोन मिनिटांत करेल. तर म्हणे, "मी जिवंत आहे हे दुसऱ्यानं का सांगायचं?" मी म्हटलं, मग आजवर काय होतं? मीच नेत होतो ना हात धरून? म्हणाले, "नेत तू होतास. आहे असं म्हणत मी होतो."

फोन ठेवला.

ते खरंच आहे म्हणा. खिडकीतला कारकून म्हणायचा, पुढे या, मान वर करा. बाबा मान वर करून म्हणायचे, "आहे साहेब अजून." दर वर्षी तेच आणि दर वर्षी तो हसायचा. चुन्याच्या भट्टीवर डोळे गेले तेव्हापासून, नऊ वर्षं.

१२ फेब्रुवारी

मास्तरांनी पुन्हा सांगितलं, रोज दहा ओळी लिहीत जा. मास्तर माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही आणि हे काम मला त्यांनीच शिकवलं. त्यांचा कॉम्प्युटर त्यांना सगळं वाचून दाखवतो, बाईच्या आवाजात. माझे अहवालही तीच वाचते आणि माझ्या शुद्धलेखनाला अडखळते. "तुझ्या ऱ्हस्वदीर्घानं बाईला ठसका लागतो," म्हणाले. म्हणून लिहितोय. पण कागदावर. कागदावरचं मास्तरांना वाचता येत नाही आणि चुकलं तर कुणाला ऐकू जात नाही.

काम म्हणजे काय, तर साइटी ऐकायच्या. पडदा बंद, कानाला हेडफोन, माउसला हात नाही, नुसत्या कीबोर्डवर एकेक पाऊल पुढे सरकायचं. ज्या गोष्टीचं नाव बाई घेते ती ठीक. बाई नुसतं "बटण" म्हणाली, कशाचं ते बोललीच नाही, की ते मुकं. मुकं दिसलं की लिहायचं. दिसलं म्हणजे ऐकलं.

आठवी नापास माणसाला हे काम मिळालं कसं, असं सगळे विचारतात. बाबांच्या फोनमधली बाई मी त्यांच्या बरोबरीनं ऐकत मोठा झालो. ती कितीही भरभर बोलली तरी मला कळतं. मुलाखतीत ऑफिसच्या मॅडम आवाजाचा वेग वाढवत गेल्या, बाकीचे पाच जण गळाले, मी बसून होतो. त्याआधी टायरच्या दुकानात होतो, त्याआधी गोदामात, त्याआधी पेपर टाकायचो. कुठे वर्षभर बूड टेकलं नाही. इथे चौदा महिने झाले. पाय टेबलाखाली हलत असतात, पण टिकलोय.

१३ फेब्रुवारी

जेवण जिन्यात. कँटीनमध्ये जागा नसते आणि मास्तरांना जिन्यातला आवाज आवडतो.

सध्या एकच चर्चा, नियम बदलणार. दिसत नसलेल्या माणसाला वापरता येईल अशी साइट कशाला म्हणायचं, हे ठरवणारी एक समिती आहे. आत्तापर्यंत नियम असा, की एक जरी महत्त्वाचं बटण मुकं निघालं तरी अख्खी साइट नापास. नवा मसुदा म्हणतो, टक्के मोजा. नव्वदच्या वर गेली की पास, राहिलेलं सावकाश सुधारा. लोकांनी हरकती एकतीस मार्चपर्यंत पाठवायच्या.

मॅडम पाणी घ्यायला आल्या आणि तिथेच जुंपली. मॅडम म्हणाल्या, "आपण तपासतो त्यातल्या जवळजवळ सगळ्या साइटी नापास होतात. सगळेच नापास म्हटल्यावर नापास होण्याची लाज कुणाला वाटणार? टक्के दिले की लोक निदान सुरुवात तरी करतील."

मास्तर म्हणाले, "या जिन्याला पायऱ्या किती?"

"मोजल्या नाहीत."

"वीस. मी मोजल्यात, मला मोजाव्याच लागतात. यातली एक काढा. पंच्याण्णव टक्के जिना राहील. उतरून दाखवा मला."

मॅडम हसल्या. "तुम्हाला दर वेळी जिनाच सापडतो."

"मला जे सापडतं त्यातच मी पडतो, मॅडम."

पण खरं सांगायचं तर मला मॅडमचं पटलं. आठवीत मी बाकी सगळ्या विषयांत पास होतो. गणितात तीन मार्कांनी गेलो म्हणून अख्खा नापास. टक्के काढले असते तर छपन्न होते. बाबांना नुकतंच दिसेनासं झालं होतं, त्यांना बाहेर न्यायला कुणीतरी हवं होतं. नापासच आहे तर राहू दे घरी, असं झालं. एका विषयानं माझं काय केलं ते मास्तरांना कुठे माहीत आहे?

२० फेब्रुवारी

पेन्शनची साइट माझ्याकडे आली. बाबांचीच. यादीत नाव आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

जेवायच्या सुट्टीत बाबांचा फोन येतोच, त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी जे दाबणार ते तू आधी दाबून बघणार?" म्हटलं, हो. "सगळं?" सगळं. मग आज लवकर घरी आलेल्या ताईला ओरडून सांगितलं, "ऐकलंस का, आपल्याकडची साइट हा तपासतोय." ताई म्हणाली, "मग कपाळावर लिहून घ्या." ताई लाँड्रीत इस्त्री करते, दुपारी घरी येते तेव्हा तिला बोलायचं त्राण नसतं. टोमणा मारायचं असतं.

२१ फेब्रुवारी

पेन्शनची साइट झाली. एकूण चांगली आहे. नाव, नंबर, पत्ता, सगळं बाई स्वच्छ बोलते.

फक्त शेवटच्या पानावर घोळ. तिथे बाई म्हणाली, बटण. पुढे गेलो, परत बटण. दोन्ही मुकी. पाच वाजेपर्यंत चाळीस पानं द्यायची होती, अठ्ठावीसच झाली होती. पडदा उघडून एक नजर टाकली. मास्तर म्हणतात पडदा बंद म्हणजे बंद, पण माझा हात आपोआपच जातो. बाबा कुठे अडले की मी बघून सांगायचो, नऊ वर्षांची सवय आहे ती. डावीकडे "पेन्शनधारक हयात नाही", नातेवाइकांनी कळवायला. उजवीकडे "पेन्शनधारक हयात आहे". उजवं दाबलं, झालं काम. अहवालात लिहिलं: दोन बटणं मुकी. जागेवरून ओळखता येतात. काम पूर्ण होतं.

"ओळखता" मधला ळ बरोबर लिहिला. चाळीस पानंही झाली.

२ मार्च

पेन्शनवाल्यांनी नव्या पद्धतीनं मोजून मागितलं होतं, नियम झाला की लगेच प्रमाणपत्र लागावं म्हणून. शहाण्णव आले. ऑफिसात आजवर कुणाला एवढे मिळाले नव्हते. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली, जशी काही साइट मी बांधली.

मास्तरांनी मला जिन्यात नेलं. "जुन्या नियमानं ही नापास आहे."

"मास्तर, दोन बटणांसाठी?"

"कुठली दोन?"

"शेवटची. पण ओळखता येतात."

"जागेवरून."

"हो."

ते थोडा वेळ हातातला डबा बोटांनी फिरवत बसले. मग म्हणाले, "किरकोळमध्ये टाकू नकोस. अडथळा म्हणून टाक." मी म्हटलं, अडथळा टाकला की नव्वदच्या खाली येईल, प्रमाणपत्र जाईल, सहा महिने साइट उघडणारच नाही. मग बाबांना परत खिडकीवर जावं लागेल आणि मी तिथे नाही.

"जाऊ दे ना खिडकीवर," म्हणाले.

मी जरा चढ्या आवाजात बोललो. म्हटलं, तुम्हाला सगळ्यांना नापासच करायचं असतं. मास्तरांनी डब्याला झाकण लावलं. अहवालावर दोघांची सही लागते, ती त्यांनी केली.

११ मार्च

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, काढतायत. पण वेगळंच निघालं. समितीची जाहीर सुनावणी आहे, आपल्या कंपनीतर्फे कुणीतरी बोलायचं, आणि ते मी. "तू अंध वडिलांचा मुलगा आहेस. तू बोललास तर लोक ऐकतील. आम्ही बोललो तर म्हणतील, धंदा आहे यांचा."

म्हटलं, मास्तर बोलले तर?

"मास्तर विरोधात बोलतात."

मला आजवर कुणी पाच माणसांसमोर उभं केलेलं नाही. शर्ट घ्यावा लागेल.

१८ मार्च

सुनावणी झाली. लांबलचक हॉल, पुढे समितीचे सात जण, मागच्या भिंतीवर पडदा. आपण बोलू ते त्या पडद्यावर अक्षरांत उमटत होतं, ऐकू न येणाऱ्यांसाठी. माझ्या आधी एक कोटवाला वीस मिनिटं बोलला, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मग मी.

आठवीचं सांगितलं. तीन मार्क, छपन्न टक्के, घरी बसणं. म्हटलं, एका विषयात गेलेल्या पोराला घरी बसवलं की ते पोर सुधारत नाही, पेपर टाकायला लागतं. साइटवाल्यांना तरी घरी बसवू नका. टाळ्या पडल्या. पडद्यावरही आलं, "टाळ्या". माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटी एक बाई उठल्या, हातात पांढरी काठी. विचारलं, "तुमचे वडील कुठे अडकतात?"

म्हटलं, ते अडकत नाहीत, मी असतो ना.

"आणि तुम्ही नसलात की?"

लोक हसले, मीही हसलो. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.

मास्तर आले होते. परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "बोललास चांगला. शर्ट नवा आहे ना? खडखडीत वाजतो."

२३ मार्च

कंपनीच्या साइटवर माझा फोटो टाकलाय, सुनावणीतला. पडदा बंद करून ऐकला. बाई म्हणते, "चित्र. हसणारा तरुण." बाबांना लिंक पाठवली. त्यांनी शेजारच्या सगळ्यांना ऐकवलं म्हणे. "हसतोयस होय," म्हणाले. "इथून गेलास तेव्हापासून फोनवर तर कधी हसला नाहीस."

१ एप्रिल

नियम पास. काल हरकतींची मुदत संपली आणि आज मसुदा जसाच्या तसा मंजूर. मास्तरांनी बावीस पानांची हरकत पाठवली होती. तिला पोच आली, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत." ती त्यांनी बाईकडून तीनदा वाचून घेतली. म्हणाले, शुद्धलेखन चांगलं आहे, बाई कुठे अडखळली नाही.

पेन्शनची साइटही आज उघडली.

७ एप्रिल

दुपारी एक दहाला बाबांचा फोन. आवाज मजेत.

"केलं रे. माझं मी केलं. ताई कामावर गेल्यावर बसलो, अर्ध्या तासात संपवलं. तुझी साइट झकास. नाव नंबर सगळं बाई नीट बोलली."

म्हटलं, बाबा, शेवटी काय दाबलंत?

"दोन होती. बाई म्हणाली, बटण. पुढे गेलो, तर परत बटण. मी म्हटलं, पहिलं होयचं असणार. आधी होय विचारतात, मग नाही. आणि तू तपासलंय म्हटल्यावर मी कशाला घाबरू? पहिलं दाबलं."

पहिलं म्हणजे डावं.

"एक मात्र कळलं नाही," म्हणाले. "शेवटी बाई म्हणाली, नोंद झाली, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. कुणाच्या रे दुःखात?"

मी जिन्यात उभा होतो. म्हटलं, चुकून लागलं असेल बाबा. बघतो. फोन ठेवला आणि वीस पायऱ्या खाली गेलो, वर आलो, परत खाली गेलो.

८ एप्रिल

मॅडमना सांगितलं. त्यांनी अहवाल उघडला, माझं वाक्य मोठ्यानं वाचलं, "जागेवरून ओळखता येतात." माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, दुरुस्त करायला सांगू त्यांना आजच.

म्हणाल्या, "सांगते. पण ते किरकोळच्या यादीत आहे. किरकोळ यादी सहा महिन्यांनी बघतात. नव्या नियमानं आपण कुठे चुकलेलो नाही. शहाण्णव आहेत." मग जरा थांबून, "तुझ्या वडिलांचं वाईट झालं." कुणी गेल्यावर बोलतात तसंच बोलल्या.

९ एप्रिल

बाबांना खरं सांगितलं. सगळं नाही. पडदा उघडल्याचं नाही. एवढंच, की पहिलं बटण नाहीचं होतं.

मग म्हणाले, "म्हणजे माझी मी वर्दी दिली?"

हो.

"बरं. निदान दुसऱ्यानं तरी नाही दिली." आणि हसले. मला वाटतं हसलेच. नंतर ताईनं फोन घेतला, म्हणाली, ते आत गेलेत, नंतर कर.

१३ एप्रिल

साइटवर तक्रारीचं पान आहे. बाबांचा नंबर टाकला की म्हणतं, हे खाते बंद आहे. तक्रार फक्त खातेदाराला करता येते. खातेदार आत येऊ शकत नाही, कारण तो हयात नाही. त्या पानावरची सगळी बटणं मात्र स्वच्छ बोलतात. एकही मुकं नाही, तीही मीच तपासली होती.

मग हेल्पलाइन. बाबा, ताई, मी, तिघांनाही ऐकू यावं म्हणून फोन जोडून घेतला. मुलगी म्हणाली, "धारकांनी स्वतः बोलावं."

बाबा म्हणाले, "स्वतःच बोलतोय."

"आमच्याकडे धारक मयत दाखवतायत."

"हो, तो मीच."

"सर, मी मयत धारकांशी बोलू शकत नाही."

"मग जिवंताशी बोल."

"जिवंत धारकांसाठी दोन दाबा," म्हणाली आणि लाइन गेली. बाबांना हसू आवरेना. ताई म्हणाली, "हसताय काय, उद्यापासून औषधं कशी आणायची?" मग ते थांबले.

१७ एप्रिल

ताईनं एक दिवसाची रजा टाकून बाबांना पेन्शन ऑफिसला नेलं. खिडकी अजून आहे, तोच कारकून आहे. बाबा पुढे झाले, मान वर केली, म्हणाले, "आहे साहेब अजून." तो म्हणाला, "दिसताय ना. मी काय ओळखत नाही का तुम्हाला? पण माझ्या ओळखीला आता फॉर्ममध्ये जागाच नाही." वरून आदेश लागेल, डॉक्टरचा कागद लागेल, जन्माचा दाखला लागेल. चार महिने, सहा महिने, काही सांगता येत नाही. आमच्याकडे अशी आणखी अकरा आलीत, म्हणाला.

अकरा. हे ताईनं सहज सांगितलं. मी ते टेबलाच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवलंय.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "ताईचा हात छोटा पडतो रे. पायरी आली की ती आधी सांगत नाही, ओढते." म्हटलं, हात छोटा कसा पडेल, सांगा तिला सावकाश चालायला. म्हणाले, "हो, सांगतो." मग विचारलं, रजा मिळते का तुला. म्हटलं, आत्ताच घेतली तर काढून टाकतील. "नाही नाही, सहज विचारलं."

२० एप्रिल

मास्तरांना सांगितलं. दोन आठवडे टाळत होतो.

"पडदा उघडलास?"

"हो."

"मला तेव्हाच कळलं. जागेवरून म्हणालास तेव्हा. माझ्या पानात जागा नसते रे. एकामागून एक येतं आणि जातं. डावं, उजवं तुझ्याकडे."

"मग मॅडमना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुला त्याच दिवशी काढलं असतं. पडदा उघडणाऱ्याला इथे ठेवत नाहीत." डबा उघडला, काही खाल्लं नाही. "मला वाटलं, पोरगा टिकतोय कुठेतरी. टिकू दे. सही माझीही आहे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी विचारलं, आता हरकत पाठवता येईल? म्हणाले, मुदत संपली. पुढचा बदल कधी? "मागचा तेरा वर्षांनी झाला होता."

२२ एप्रिल

समितीला पत्र लिहिलं. सुनावणीत बोललो तो मीच, बाबा आणि आणखी अकरा जण, सगळं. चार वेळा लिहून काढलं. मास्तरांनी बाईकडून वाचून घेतलं, एकदाही ठसका लागला नाही. पाठवलं.

पोच लगेच आली. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

२९ एप्रिल

बाबांनी फोन ताईला देऊन टाकला. म्हणजे फोन घरातच आहे, पण आता ते स्वतः काही दाबत नाहीत. डॉक्टरची वेळ ताईनं घ्यायची, लाइटबिल ताईनं भरायचं, मला फोनसुद्धा तीच लावून देते. एक दहाला यायचा तो आता ती घरी आली की येतो, अडीचनंतर. तेव्हा मी कामात असतो, दोनच मिनिटं बोलणं होतं.

ताई म्हणाली, "बाई बोलायला लागली की आवाज बंद कर म्हणतात." पूर्वी चहा पितानाही तिला चालू ठेवायचे. मी म्हटलं, चला, निदान आता चूक तरी होणार नाही. ताई म्हणाली, "तू ना, अगदी मॅडमसारखा बोलतोस हल्ली." तिनं माझ्या मॅडमना कधी पाहिलेलंही नाही.

१२ मे

मास्तरांचा शेवटचा दिवस. टक्के काढायला आता मशीन आलंय, हजार पानं तासाभरात मोजतं. कान लावून ऐकणारे दोघे कशाला, एक पुरे. तो एक मी. त्यांनी जाताना हेडफोन मला दिले. उजवा कान थोडा खरखरतो, म्हणाले, पण बाईचं बोलणं कळतं.

जिन्यापर्यंत सोडायला गेलो. हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. या वीस पायऱ्या पाठ आहेत माझ्या. पुढच्या कुठल्या ते बघायचं."

त्यांच्या टेबलावर आता कुंडी ठेवलीय. कंपनीच्या साइटवर मी अजून हसणारा तरुण आहे.

२५ मे

सगळीकडे फिरलो. म्हणजे फोनवरूनच. पेन्शन ऑफिसच्या मुख्य शाखेत एक साहेब बोलले, बरे बोलले. म्हणाले, प्रकरण माझ्या टेबलावर आहे. पुढच्या आठवड्यात फोन केला तर दुसरेच साहेब. तेही बरे बोलले. प्रकरण त्यांच्या टेबलावर नव्हतं.

ताईला म्हटलं, पेन्शन होती तेवढेच पैसे मी पाठवतो, दर महिन्याला. बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे पेन्शन सुरू झाली. ताई म्हणाली, "ते माझ्या पैशांची भाजीसुद्धा मोजून खातात आताशा. पाठव. पण आकडा तोच पाठव. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाई आकडाच वाचते, कुणी पाठवले ते वाचत नाही."

१ जून

आज सकाळी पाठवले. मी कामाला बसलो आणि एक दहाला फोन. बाबांचा. स्वतः लावलेला, मागे ताईचा आवाज नव्हता.

"आली रे पेन्शन. बाईनं आत्ताच वाचला आकडा. दोनदा वाचून घेतला."

म्हटलं, बघा, सांगत होतो, होईल सुरू.

"हो ना. चार तारखेला यायची, या वेळी एक तारखेलाच आली. सुधारले म्हणायचे." जरा थांबले. "तू जेवतोस ना वेळेवर? तो शर्ट घेतला होतास, तसा आणखी एखादा घे."

घेतो म्हटलं.

"आणि काय आहे, मला एकट्याला लागतं किती? पुढच्या महिन्यात पेन्शन थोडी कमी आली तरी चालेल मला."

आता पेन्शन कमी कशी येईल? बाबा म्हातारे झालेत, काहीही बोलतात. पण त्यांना संशय आला नाही हे बरं झालं. पुढच्या वेळी चार तारीख धरायची, तेवढं विसरायचं नाही. हेडफोन लावले, पडदा बंद केला. मशीननं सत्त्याण्णव दिलेली साइट होती. पहिल्याच पानावर बाई म्हणाली, बटण.

पाठवले: अकरा हजार सहाशे चाळीस.